लाकडी फर्निचरला कोणतं पॉलिश? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातून फर्निचरच्या पॉलिशबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेलं असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. "सगळ्यात भारी पॉलिश कोणतं?" या प्रश्नाला मात्र वेगळी जागा दिलेली नाही. वस्तू कुठं राहणार, तिच्यावर काय सांडणार आणि पाच-सात वर्षांनी ती दुरुस्त कोण करणार, एवढं कळलं की निवड जवळजवळ झालेलीच असते.

१. फ्रेंच पॉलिश, लॅकर, मेलामाइन, पीयू, तेल... नावं ऐकून डोकं फिरतंय. यांत नेमका फरक काय, सांगा की!

तीन गट करा. पहिला गट नुसता वाळून बसणारा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पातळ पातळ हात देत चढवली की फ्रेंच पॉलिश होतं. स्पिरिट उडून जातं, लाख मागं राहते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरही असंच, फक्त स्पिरिटऐवजी थिनर. पुढं कधी तेच स्पिरिट किंवा थिनर लागलं तर हा थर परत मऊ पडतो. म्हणून डाग लवकर पडतात, पण नवा हात जुन्यात मिसळून जातो आणि दुरुस्ती सोपी होते.

दुसरा गट मेलामाइन आणि दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया सुरू होते आणि थर एकदा घट्ट झाला की परत विरघळत नाही. टिकाऊ आहे, पण खोल ओरखडा पडला तर बहुतेक वेळा पूर्ण फळी घासावी लागते.

तिसरा गट तेल आणि मेण. यांचा जाड थर बसत नाही. लाकूड हाताला लाकूडच लागतं. पाण्यापासून संरक्षण कमी, देखभाल जास्त.

दुकानात नुसतं "वार्निश" म्हणून एका डब्यात मिळतं ते यांच्या मधलं. सावकाश वाळतं, ब्रशनं मारता येतं आणि घरच्या घरी करणाऱ्याला बरं पडतं.

२. घरातल्या कोणत्या वस्तूला काय करून घ्यावं?

डायनिंग टेबल, अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकघरातली मांडणी, टीपॉय यांचा वरचा भाग रोज पुसला जातो, घासला जातो, त्यावर गरम काहीतरी ठेवलं जातं. तिथं पीयू. त्याच टेबलाचे पाय मेलामाइनमध्ये केले तरी चालतात. छटा जुळते का तेवढं नमुन्यावर बघून घ्या.

पलंग, कपाटाची दारं, शोकेस यांना मेलामाइन पुरतं. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीचा मात्र वेगळा विचार करा. केसाचं तेल रोज लागून तिथलं फ्रेंच पॉलिश किंवा एनसी लॅकर काही वर्षांत चिकट होतं. खुर्चीच्या हातांचंही तेच.

झोपाळा, कोरीव खांब, जुनी पेटी, वाड्यातलं कपाट यांना फ्रेंच पॉलिशच शोभतं. कपाटाच्या आतल्या बाजूला आणि ड्रॉवरमध्येही पातळ लाखच बरी. तिथं तेल लावलं तर वास कोंडून राहतो आणि कपड्यांना लागतो.

देव्हाऱ्याचं उत्तर प्रश्न ८ मध्ये, बाहेरच्या दाराचं ११ मध्ये.

३. दर चौरस फुटावर सांगतात, पण शेवटी बिल भलतंच होतं. आधी काय विचारून घ्यावं?

मोजणी कशी करणार ते विचारा. दाराच्या दोन्ही बाजू धरतात, कडा धरतात, जाळी आणि कोरीव काम वेगळं धरतात. यात गैर काही नाही, कारण जाळी घासायला वेळ जातोच, पण हे आधी बोलून घ्यायला हवं. सीलरचे (छिद्रं बंद करणाऱ्या खालच्या थराचे) हात किती, वरचे हात किती, माल कोणत्या कंपनीचा, शेवटचा हात चमकदार की मॅट, हे कागदावर घ्या.

खर्चाचा क्रम असा: तेल-मेण सगळ्यात स्वस्त, मग मेलामाइन, पीयू सगळ्यात महाग. फ्रेंच पॉलिशचं गणित उलटं आहे. माल स्वस्त, मजुरी भारी, कारण काम सगळं हातावर चालतं. कुणी ते फार स्वस्तात सांगितलं तर दोन हात ब्रशनं मारून निघून जाणार, असं समजायला हरकत नाही.

४. पावसाळ्यात पॉलिश करावं का? मिस्त्री म्हणतो "काही होत नाही".

कुठं राहता त्यावर आहे. अथणीच्या कोरड्या हवेत जूनमध्येही काम चालून जाईल. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, जून ते सप्टेंबर स्प्रेचं काम टाळाच. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधलं. आठवड्यातले चार कोरडे दिवस सलग मिळाले तर जमतं.

कारण साधं आहे. स्पिरिट किंवा थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं. लाख आणि लॅकरवर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. पीयूमध्ये हार्डनर त्या ओलाव्याशीच क्रिया करतो आणि बारीक बुडबुडे राहतात. पांढरेपणा घालवायला सावकाश उडणारं थिनर मिळतं, पण बुडबुड्यांना घासून परत मारण्याशिवाय इलाज नाही.

दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात दार किंवा ड्रॉवर अडकतो म्हणून रंधा मारून पॉलिश करून घेणाऱ्यांनी जरा थांबावं. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. हिवाळ्यात ते आकसलं की तिथं बोटभर फट दिसते.

५. लाकूड कोणतं आहे यावर पॉलिश बदलतं का?

बदलतं, आणि याच प्रश्नावर लोक सगळ्यात कमी विचार करतात.

सागवान ताजं कापलेलं असताना हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. "हे खरं सागवान नाही" असं म्हणून लोक त्याला रंग देतात. काही दिवस उजेडात ठेवलं तर ते आपोआप सोनेरी तपकिरी होतं. दांडेलीच्या सरकारी डेपोतलं सागवान चांगले पैसे मोजून घ्यायचं आणि वर गडद अक्रोडी रंग फासायचा, हे मला पटत नाही. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळं वार्निश किंवा पीयू मारण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच पहिला हात द्यावा.

शिसवीत तर काही द्रव्यं अशी असतात की तेलावर आधारलेलं वार्निश दिवसेंदिवस ओलंच राहतं. आधी लाखेचा एक हात दिला की तो आडोशाचं काम करतो.

फणस सुरुवातीला पिवळाधमक दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांत सोनेरी-तपकिरी होतो. त्यालाही रंग नको. ऐन, ज्याला इकडं मत्ती म्हणतात, त्याची छिद्रं मोठी. आरशासारखं गुळगुळीत हवं असेल तर छिद्रं भरून घ्यावी लागतात. तसं नको असेल तर तेल-मेणात हे लाकूड फार देखणं दिसतं. रबरवुड फिकट आणि किडीला लवकर बळी पडणारं आहे, त्यासाठी प्रश्न १६ वाचा.

६. मॅट लवकर खराब होतं आणि ग्लॉस टिकतं, हे खरं का?

टिकणं मालाच्या जातीवर आणि हातांच्या संख्येवर आहे, चमकेवर फारसं नाही. मॅटमध्ये बारीक पूड घातलेली असते, ती उजेड विखुरते. ओरखडे ग्लॉसवर जास्त दिसतात, घासण्यातली हलगर्जीही ग्लॉसवरच उघडी पडते. मॅट हवं असेल तर खालचे हात ग्लॉसचे आणि फक्त शेवटचा मॅटचा घ्यायला सांगा. सगळेच हात मॅटचे दिले तर लाकडाच्या रेघा धुरकट दिसतात.

७. टेबलावर गरम भांडं ठेवलं, पांढरं वर्तुळ उमटलं. निघेल का?

वर्तुळ पांढरं असेल तर ओलावा किंवा उष्णता थरातच अडकलेली आहे, लाकडापर्यंत गेलेली नाही. फ्रेंच पॉलिश असेल तर स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेला बोळा एकदोनदा अलगद फिरवा. बोळा थांबवायचा नाही, थांबला की कापड चिकटतं. पीयूवर हा उपाय चालत नाही. तिथं बारीक पॉलिशिंग कंपाउंडनं चोळून पाहता येतं.

डाग काळा असेल तर पाणी लाकडात पोचलं आहे. सागवान आणि बाभळीत लोखंडाचं ओलं भांडं किंवा खिळा हेही काळ्या डागाचं कारण असतं. त्याला थर काढूनच उपाय करावा लागतो. आणि पीयू आहे म्हणून थेट शेगडीवरचा कुकर टेबलावर ठेवू नका.

८. गणपतीच्या आधी देव्हाऱ्याला नि चौरंगाला पॉलिश करायचंय. श्रावणात होईल का आणि काय करावं?

श्रावणात स्प्रे नको, कारण प्रश्न ४ मध्ये आहे. एखाद्या उघडिपीच्या दिवशी दुपारी बोळ्यानं लाखेचे दोन-तीन हात दिले तर ते वाळतं. जुनं पॉलिश ठीक असेल तर नुसतं पुसून मेण लावलं तरी रूप येतं.

देव्हाऱ्याचे त्रास वेगळेच. निरांजनाची धग वरच्या कमानीला लागते, तेल खाली ओघळतं, हळद-कुंकू फटीत बसतं. नवा देव्हारा असेल तर दिवा ठेवायची जागा आणि कमानीची आतली बाजू पीयूमध्ये, बाकी हवं तसं. दिव्याखाली पितळी ताटली ठेवायची सवय सगळ्या पॉलिशपेक्षा उपयोगी. एनसी लॅकर देव्हाऱ्याला नकोच. ते ज्वालाग्राही आहे, शिवाय कापूर त्याला मऊ पाडतो. कापराच्या वड्या ड्रॉवरमध्ये उघड्या ठेवू नका, डबीत ठेवा.

हळदीचा पिवळा डाग राहिला तर घाबरू नका, उन्हात तो फिका पडतो. कुंकवाचा तसा पडत नाही.

९. घाण्याचं शुद्ध शेंगतेल लावलं तर? रसायनं नकोत.

शेंगतेल वाळत नाही. धूळ धरतं, चिकट होतं आणि काही महिन्यांत खवट वास येतो. खोबरेल खवट व्हायला वेळ लावतं, पण वाळत तेही नाही. फर्निचरला लागतं ते वाळणारं तेल, म्हणजे जवसाचं. त्यातही घाण्यावरचं कच्चं जवसतेल वाळायला दिवस काय, आठवडेही घेतं. रंगाच्या दुकानात "डबल बॉइल्ड" म्हणून मिळतं त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात, ते एकदोन दिवसांत वाळतं.

लावायची पद्धत: टर्पेंटाइन घालून पातळ करा, भरपूर लावा, पंधरा-वीस मिनिटांनी राहिलेलं सगळं पुसून काढा. पुसलं नाही तर चिकट साल धरते आणि मग ती खरवडावी लागते.

आता महत्त्वाचं. जवसतेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. ही भीती घालण्याची गोष्ट नाही, खरंच घडतं. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

१०. आमचे आजोबा वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, वाळवी लागत नव्हती. ते फर्निचरला चालेल?

खानापूर-चंदगडकडून हा प्रश्न नेहमी येतो. वाशांना, खांबाच्या जमिनीत जाणाऱ्या टोकाला, गोठ्याच्या लाकडाला ते चांगलंच आहे. फर्निचरला नको. रंग काळपट येतो आणि कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. लावतानाही हातमोजे हवेत. गाडीचं जळकं ऑइल तर घरातल्या कुठल्याच लाकडाला लावू नये.

११. पुढच्या दाराला पीयू केलं, दोन पावसाळ्यांत सालपटं निघाली. फसवलं का?

बहुतेक आतल्या कामाचं पीयू बाहेर मारलं असेल. दाराला पाऊस मारतोच, पण खरा शत्रू ऊन. पारदर्शक थरातून ऊन आत जातं आणि थराखालचं लाकूडच भुकटं होतं, मग थर धरायला काही उरत नाही. डब्यावर बाहेरच्या वापरासाठी असं स्पष्ट लिहिलेलं आणि अतिनील किरण अडवणारं पीयू घ्या. किंचित रंग असलेलं पूर्ण पारदर्शकापेक्षा जास्त टिकतं. दाराची वरची आणि खालची कड उघडी राहिली का तेही बघा. पाणी तिथूनच चढतं आणि मिस्त्री तिथंच विसरतो.

दाराला पत्र्याचं छत नसेल आणि तोंड पश्चिमेला असेल तर मी तेलच सुचवीन. दर वर्षी दिवाळीच्या आधी एक हात द्यावा लागतो, पण सालपटं काढत बसावं लागत नाही.

१२. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यातून खुर्च्या घेतल्या. वर कोणतं पॉलिश आहे ते कसं ओळखायचं?

खुर्चीच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा कापूस अर्धा मिनिट धरा. थर मऊ, चिकट झाला तर लाख आहे. काही झालं नाही तर एनसी थिनरनं तसंच करा. आता मऊ झाला तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. थेंब मुरून गेला तर तेल-मेण.

लाख निघाली तर खरवडून काढण्याची घाई करू नका. मळ बहुतेक मेणाचा आणि हाताच्या तेलाचा असतो. टर्पेंटाइननं पुसून, बारीक पेपर अलगद फिरवून वर नवे हात दिले की झालं. जुन्या शिसवीला वर्षानुवर्षांनी आलेला रंग एकदा मशीन फिरवलं की गेला, तो कोणत्याही डब्यातून परत मिळत नाही.

१३. जुन्या पॉलिशवर थेट पीयू मारता येईल का?

आधी प्रश्न १२ मधली चाचणी करा. मेलामाइन किंवा पीयू घट्ट धरून असेल तर ३२० नंबरच्या पेपरनं घासून वर मारता येतं. एनसी लॅकरवर पीयूचं जोरकस थिनर पडलं की खालचा थर सुरकुततो. लाखेवर चालेल, पण मेण काढलेली लाख असेल तरच. साध्या चपड्यात मेण असतं आणि त्यावर पीयू धरत नाही. जुन्या घरांत साधा चपडाच वापरलेला असतो, त्यामुळं तिथं पीयूचा हट्ट सोडावा किंवा लाकूड पूर्ण मोकळं करून घ्यावं.

कधी फर्निचर चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे वापरला असेल तर मिस्त्रीला आधीच सांगा. त्यावर नवा थर जागोजागी फाटून खळगे पडतात आणि दोष उगाच मालावर जातो.

१४. घरात लहान मूल आहे. वासाचा त्रास होईल?

काम चालू असताना मुलाला त्या घरात ठेवूच नका. मेलामाइनमधून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, डोळे चुरचुरतात. काम संपल्यावरही दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना त्याचे कण श्वासात गेले तर दमा जडू शकतो. तो धोका मुख्यतः काम करणाऱ्याला, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. काडतूस असलेला मास्क लागतो. तुमच्या घरी काम करणाऱ्या पोराकडं तो नसेल तर तुम्ही आणून द्या, एवढं तरी करा. पूर्ण वाळलेल्या पीयूपासून मात्र हा धोका राहत नाही. पूर्ण वाळायला साधारण आठवडा धरा.

पाळण्याला आणि खेळण्यांना लाख उत्तम. चन्नपट्टणची खेळणी लाखेचीच. कातावर (लेथवर) फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून चढते.

१५. प्लायवुड आणि एमडीएफलाही हेच सगळं लागू?

मायका लावलेल्या प्लायला पॉलिश लागत नाही. व्हेनियर, म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर मेलामाइन किंवा पीयू, पण घासताना जपून. व्हेनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि मशीन क्षणभर जास्त टेकलं की खालचा प्लाय दिसतो. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. तिला लाकडाच्या रेघाच नाहीत, त्यामुळं तिला ड्युको (स्प्रेनं मारायचा अपारदर्शक रंग) किंवा पीयूचा रंगच.

१६. पॉलिश केल्यावर भुंगा लागत नाही ना?

आत शिरलेल्या भुंग्याला पॉलिश काहीच करत नाही. खाली पिठासारखी पूड पडत असेल तर आधी औषध, मग पॉलिश. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी कोऱ्या लाकडात चांगलं मुरतं, थर बसल्यावर ते आत जात नाही, म्हणून क्रम चुकवायचा नाही. भुंगा उघड्या छिद्रांत अंडी घालतो. मागची बाजू, खालची बाजू, सांध्यातली टोकं बंद झाली तर त्याला जागा मिळत नाही. "भिंतीकडची बाजू कोण बघतंय" असं म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

१७. खानापुरात बनवलेलं टेबल लेकीच्या घरी अथणीला नेलं. सहा महिन्यांत फळीला फट. पॉलिश कमी पडलं का?

पॉलिश ओलावा अडवत नाही, फक्त त्याची ये-जा मंदावते. दमट हवेतलं लाकूड कोरड्या हवेत गेलं की आडव्या दिशेनं आकसणारच. पॉलिशचा दोष एवढाच असू शकतो की वरून चार हात आणि खालून एकही नाही. मग दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं वाळतात आणि फळी वाकते. खालूनही निदान दोन हात हवेत.

बाकी दोष सुतारकामाचा. रुंद फळी खालच्या चौकटीला खिळ्यांनी किंवा सरसानं पक्की जखडली असेल तर ती आकसताना फाटते. स्क्रूची भोकं लांबट ठेवली तर फळीला सरकायला जागा मिळते. फट पडलीच असेल तर एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. पावसाळ्यात ती मिटते का बघा. मिटत असेल तर उन्हाळ्यात तिच्यात पुट्टी भरू नका, कारण जूनमध्ये फळी फुगली की ती पुट्टीच बाहेर ढकलेल.